लिस्बनला कोणी जाऊन आलंय का?

ए-201: मंडळी, मे मध्ये आम्ही दोघं लिस्बनला चाललोय, मुलीकडे जर्मनीत जातोच आहोत तर तिनेच तिकिटं काढून दिली, पण हातात तीनच दिवस. सी विंगच्या वहिनी नुकत्याच जाऊन आल्यात ना? बघायचं काय आणि मुख्य म्हणजे खायचं काय? मी अंडं खाते, मासे मटण नाही. ह्यांना पोर्क सोडून सगळं चालतं

सी-502: हो आलो की, पाय अजून बोलतायत 😄 पहिलं म्हणजे चांगले ग्रिपवाले शूज घ्या, सगळं गाव टेकड्यांवर आणि फुटपाथ चुनखडीच्या बारीक दगडांचे, घासून घासून गुळगुळीत झालेत, थोडा पाऊस पडला की संपलं

सी-502: आणि ती 28 नंबरची पिवळी ट्राम, रील बघून सगळे तिच्यातच बसायला येतात, मार्तीम मोनीझच्या स्टॉपला ही रांग आणि आत खिसेकापू. सकाळी लवकर जमलं तर ठीक नाहीतर सरळ अल्फामा म्हणून जुना भाग आहे तिथे चालत फिरा, गल्ल्या अशा की काही ठिकाणी ट्राम आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. बाहेरूनच छान दिसते ती

ए-103: कार्मोचं चर्च चुकवू नका. 1 नोव्हेंबर 1755 ला भूकंप झाला, सणाचा दिवस, माणसं चर्चमध्ये, वर आग लागली. कार्मोचं छप्पर कोसळलं ते आजतागायत परत घातलं नाही, नुसत्या कमानी आणि वर आकाश

बी-101 (सेक्रेटरी): कृपया लक्ष द्या. उद्या टाकी धुणार, 11 ते 2 पाणी बंद.

ए-201: काका तुम्ही पण गेला होतात?? बेलेंला जायचं का मग

ए-103: ऑफिसच्या कामाने गेलो होतो. जायचंच, फक्त सोमवारी नको, तिथला जेरोनिमोस मठ बंद असतो. तिथल्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, 1498 ला कालिकतला आला तोच. पुढे नदीकाठी त्या दर्यावर्दींचं 52 मीटरचं स्मारक, बांधलं 1960 साली, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा गेला हातचा. माझं आजोळ पेडण्याचं, त्यामुळे मी तिथे जरा जास्तच वेळ उभा होतो 😀

सी-502 (मिस्टर): बेलेंला 1837 पासूनचं पेस्ट्रीचं दुकान आहे ना, बाहेरची रांग बघून घाबरू नका, बरेच जण पार्सलवाले असतात, आत मोठमोठे हॉल आहेत निळ्या टाइल्सचे. गरम गरम येते, वर काळे डाग पडेपर्यंत भाजलेली, त्यावर दालचिनी आणि पिठीसाखर आपणच भुरभुरवायची, बाहेरचा पापुद्रा कुरकुरीत आणि आत अंड्याचं कस्टर्ड. वहिनींना चालेल. मी तर दुसरी प्लेट मागवली, हिने डोळे वटारले तरी

सी-502: काचेच्या कपाटात सामोसे दिसतील, शमूसा म्हणतात, गोवा आणि मोझांबिककडून आलेल्या लोकांनी तिकडे नेले. पण सामोसा दिसला म्हणून लगेच उचलू नका वहिनी, आत बहुतेक खिमा असतो, कशाचा ते विचारा. काल्दो व्हेर्द सूप पण बटाटा आणि पालेभाजीचं दिसतं, त्यात सॉसेजचा तुकडा असतो. शुद्ध शाकाहारी हवं तर लुमियारला राधाकृष्ण मंदिर आहे, कॅन्टीनमध्ये जेवण मिळतं, मोझांबिकहून आलेले बरेच गुजराती आहेत तिकडे

सी-502: आणि हॉटेलात बसलं की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. फुकट नसतं ते!! हात लावला की बिलात. नको असेल तर घेऊन जा म्हणायचं, कोणी रागावत नाही

ए-201: बरं झालं सांगितलंत 🙏 आणि सिंत्रा?

सी-502: रोसिओ स्टेशनहून ट्रेनने 40 मिनिटं, पेना राजवाड्याची वेळेची तिकिटं आधी ऑनलाइन काढा. पूर्ण दिवस जातो

ए-103: तीन दिवसांत सिंत्रा नको असं माझं मत. त्यापेक्षा संध्याकाळी ग्रासाच्या पॉइंटवर बसा, खाली सगळी लाल कौलं आणि नदी दिसते. रात्री फादो ऐका, तिकडचं पारंपरिक गाणं, ते सुरू असताना मात्र बोलायचं नाही, वेटरसुद्धा थांबतात

ए-201: हे विचारतायत पोर्क सोडून काय खावं आणि ती चेरीची दारू कुठे मिळते

सी-502 (मिस्टर): बाकल्याउ आ ब्राश घ्या म्हणावं, सुकवलेला खारा कॉड, बारीक बटाट्याच्या काड्या आणि अंडं एकत्र, बिफाना घेऊ नका ते पोर्क. दारू साओ दोमिंगो चर्चजवळच्या छोट्या काउंटरवर, उभ्यानेच प्यायची, चेरी घालून की बिनचेरीची एवढंच विचारतात. चेरी घालून सांगा