आधी जॅम की आधी क्रीम?

स्कोनवर (चहासोबत खायचा छोटा, गोल इंग्रजी केक-पाव) आधी काय लावायचं, यावरून इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन शेजारी परगण्यांचं भांडण नुसतं गमतीचं, असं म्हणतात ते बरोबर; पण त्यामागे थोडं पाकशास्त्रही आहे. टेमार नदीच्या पूर्वेला डेव्हन: स्कोनवर आधी क्लॉटेड क्रीम (सायीसारखं घट्ट क्रीम), मग जॅम. पश्चिमेला कॉर्नवॉल: आधी जॅम, वर क्रीम. २०१८ मध्ये कॉर्नवॉलमधल्या लॅनहायड्रॉक वाड्याच्या जाहिरातीत क्रीम खाली दिसलं, तर तो वाडा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला माफी मागावी लागली!

स्कोन गरमागरम असेल तर डेव्हनची पद्धत फसते, क्रीम वितळून लोण्यासारखं आत मुरतं. कोमट होऊ द्या. उलट जॅम पातळ असेल तर कॉर्नवॉलवाल्यांचं क्रीम घसरून बशीत येतं. स्कोन सुरीने कापू नका, हाताने उघडा, खडबडीत बाजूवर दोन्ही नीट बसतात.

क्लॉटेड क्रीम म्हणजे आपल्या घट्ट सायीची इंग्रज मावसबहीण. दाट क्रीम पसरट भांड्यात, ओव्हनमध्ये ८० अंशांवर झाकण न ठेवता साधारण १२ तास. मग न हलवता गार करून रात्रभर फ्रिजमध्ये. उकळी आली की बिघडलं. यूएचटी (खूप तापवून टिकाऊ केलेलं) क्रीम वापरलं तर वरचा सोनेरी थर नीट धरत नाही. 'कॉर्निश' (म्हणजे कॉर्नवॉलचं) नाव लावायचं तर किमान ५५ टक्के स्निग्धांश हवा, आणि हे नाव १९९८ पासून कायद्याने राखीव आहे.

दाबलं की डब्यातून फसफसत बाहेर येणारं क्रीम मात्र दोघांनाही अमान्य. तेवढ्यापुरती युती होते.