कॉम्प्रेशन सॉक्सनी पोटऱ्यांचं दुखणं खरंच कमी होतं का? (मदत हवी आहे)

लांबपल्ला

नमस्कार मंडळी,

हाफ मॅरेथॉनची तयारी करतेय. आठवड्यातलं इतर धावणं नीट जमतं, पण रविवारचा लाँग रन झाला की पोटऱ्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. गंमत म्हणजे सोमवारपेक्षा मंगळवारी जास्त दुखतं आणि बुधवारपासून ओसरायला लागतं.

सोबत धावणारे बरेच जण गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घालतात. कुणी म्हणतं पाय लवकर मोकळे होतात, कुणी म्हणतं वेगही वाढतो. घ्यायचे तर हे मोजे धावताना घालायचे की नंतर? किती वेळ? रात्री झोपतानाही? पाकिटावर १५-२०, २०-३० असे आकडे असतात, त्यातलं काय निवडायचं? आणि पाऊल उघडं ठेवणाऱ्या नुसत्या स्लीव्ह्ज चालतील का?

अजून एक. डाव्या नडगीत आतल्या बाजूला दुखतंय. आधी धावायला लागल्यावर थोड्या वेळानं थांबायचं, हल्ली थांबत नाही. त्यालाही या मोज्यांचा फायदा होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

चढउतार

आकड्यांपासून सुरू करतो. तो दाब आहे, रक्तदाब मोजतात त्याच मापात, म्हणजे मिलिमीटर पाऱ्यात. चांगल्या मोज्यात घोट्यापाशी दाब सगळ्यात जास्त असतो आणि वर गुडघ्याकडे कमी होत जातो. पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. ते आवळले की शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. मोजा बाहेरून दाब देऊन याच कामाला हातभार लावतो, पायाची सूजही आटोक्यात ठेवतो. धावणाऱ्यांना १५-२० सहसा पुरतो. २०-३० काही जण वापरतात, पण त्याच्यावरचा दाब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका.

तुमचं मंगळवारी जास्त दुखणं अगदी नेहमीचं आहे. हे दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. लॅक्टिक ॲसिड साचतं म्हणून दुखतं असं अजूनही सर्रास सांगितलं जातं, पण ते खरं नाही. धावून झाल्यावर तासाभरात रक्तातलं लॅक्टेट (म्हणजे त्याच ॲसिडचं रक्तात असणारं रूप) जवळजवळ पूर्ववत होतं. दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे आणि तिथे येणाऱ्या दाहामुळे. स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो तेव्हा ही इजा जास्त होते, म्हणून उतारावर धावल्यावर पाय जास्त धरतात. तुमच्या लाँग रनच्या वाटेवर उतार किती आहेत?

पहाटफेरी

मी बरीच वर्षं वापरतेय, पण फक्त धावून आल्यावर. अंघोळ केली, पाय कोरडे केले की चढवते आणि संध्याकाळपर्यंत ठेवते. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या कमी जड वाटतात, लांबच्या प्रवासात तर फरक स्पष्ट जाणवतो. झोपताना काढते. आडवं झाल्यावर रक्ताला वर चढायचंच नसतं, त्यामुळे तेव्हा विशेष गरज नसते.

बुटाच्या नंबरावरून मोजे घेऊ नका ही कळकळीची विनंती. सकाळी, पायाला सूज नसताना, घोट्याच्या वरचा सगळ्यात बारीक भाग आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग टेपनं मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. वरची कड दुमडू नका, तिथे दुहेरी दाब पडून पाय आवळला जातो. बोटांना मुंग्या आल्या, ती बधिर किंवा निळसर झाली तर लगेच काढा. धुतल्यावर कडक उष्णतेत वाळवू नका, ताण लवकर जातो. सैल पडलेला मोजा नुसता मोजाच.

स्लीव्ह्जबद्दल: धावताना चालतात. पण नंतर तासन्‌तास घालायचं असेल तर पूर्ण मोजाच बरा. पोटरीवर दाब आणि पाऊल उघडं, अशानं काहींच्या घोट्यापाशी सूज उतरते.

शंकाकुशंका

वेगाच्या दाव्यावर विश्वास ठेवू नका. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफ गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून धावायची, २००३ साली लंडन मॅरेथॉनमध्ये तिनं २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा महिलांचा विश्वविक्रम केला, आणि मग सगळ्यांनाच ते हवेसे वाटले. पण मोजे घालून आणि न घालता धावण्याची तुलना करणाऱ्या अभ्यासांत वेळेत, ऑक्सिजनच्या वापरात किंवा लॅक्टेटमध्ये दखल घेण्याजोगा फरक बहुतेक वेळा दिसलेला नाही.

दुखण्याबाबत चित्र जरा वेगळं आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर धावल्यानंतर घातलेल्या कॉम्प्रेशननं दुखणं थोडं कमी होतं असं दिसतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला आवडतो. ३३ जणांनी मॅरेथॉननंतर ४८ तास मोजे घातले, काहींनी दाबाचे आणि काहींनी तसेच दिसणारे पण दाब नसलेले. दोन आठवड्यांनी ट्रेडमिलवर दमून थांबेपर्यंत पळवलं, तेव्हा दाबाचे मोजे घातलेले मॅरेथॉनआधीच्या तशाच चाचणीपेक्षा २.६ टक्के जास्त वेळ टिकले आणि दुसरा गट ३.४ टक्के कमी. संख्या लहान आहे, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. शिवाय या विषयातली मूळ अडचण अशी की दाब पायाला कळतो. कोणता मोजा घातलाय हे माणसाला जाणवतं आणि 'बरं वाटतंय' हे उत्तर त्यानं रंगू शकतं. तरीही बरं वाटत असेल आणि अपाय नसेल तर जरूर घाला. फक्त झोप, खाणं आणि किलोमीटर हळूहळू वाढवणं यांच्या बदली घालू नका. मसाजचा दुखण्यावरचा परिणाम तर कॉम्प्रेशनपेक्षा चांगला दिसलाय.

हाडवैर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मोज्यांबद्दल वर सगळं आलंय, मला काळजी वाटतेय ती नडगीची. लांबपल्ला, कृपया एवढं सांगा: दुखणं हाडाच्या कडेनं लांबवर पसरलेलं आहे की एका बोटानं दाखवता येतं? चालताना किंवा रात्री पडल्यावरही दुखतं का? त्या पायावर लंगडी घातली तर? आणि गेल्या काही महिन्यांत पाळी चुकलीय का, किंवा खाणं कमी केलंय का? शेवटचे प्रश्न खासगी आहेत, इथे उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, पण डॉक्टरांना नक्की सांगा.

लांबपल्ला

सगळ्यांचे मनापासून आभार. चढउतार, परतीची वाट जवळजवळ सगळी उताराचीच आहे!

हाडवैर, बोटानं दाखवता येतं. दाबलं की तिथेच कळ येते. लंगडी आत्ता घालून पाहिली, दुखलं. रात्री कधीकधी ठसठसतं. बाकीचं डॉक्टरांशी बोलेन. पण हे मोजे घालून निदान शर्यतीपर्यंत निभावता येणार नाही का? खूप मेहनत घेतलीय.

हाडवैर

मेहनत घेतलीय म्हणूनच सांगते, आजपासून धावणं थांबवा. कडेनं बोटभर लांब पसरलेलं दुखणं असतं तर नडगीच्या आवरणावर ताण आलाय असं म्हटलं असतं. पण एका बिंदूवर कळ, लंगडीला दुखणं आणि रात्रीची ठसठस म्हणजे हाडाला बारीक तडा, स्ट्रेस फ्रॅक्चर, नाही ना हे आधी तपासायला हवं. अस्थिरोगतज्ज्ञांकडे या आठवड्यातच जा. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रे साफ येऊ शकतो, त्यावर निर्धास्त होऊ नका, एमआरआय लागेल का ते विचारा. लवकर सापडलं तर या जागेचं हाड बहुधा ६ ते ८ आठवड्यांच्या विश्रांतीनं जुळून येतं. त्यावर धावत राहिलात तर तडा वाढतो आणि मग महिने जातात. मोज्यानं हाड जुळत नाही. उलट दुखणं थोडं दबलं तर तुम्ही जास्त धावाल, हीच भीती आहे.

चढउतार

हाडवैर यांना पूर्ण अनुमोदन. हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठीही एक: पायाच्या रोहिण्यांत अडथळा असेल, मधुमेहानं पायाची संवेदना कमी झाली असेल किंवा हृदय कमकुवत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मोजे घालू नयेत. आणि एकच पोटरी सुजली, गरम, लालसर झाली तर स्नायू धरलाय म्हणून मोजा चढवून बसू नका. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

लांबपल्ला

वाचून आधी रडू आलं, पण पटलं. परवाची वेळ मिळालीय. तोवर पोहलं तर चालेल का, की तेही नको?

हाडवैर

पाण्यात पायावर भार येत नाही, त्यामुळे दुखत नसेल तर संथ पोहा. भिंतीला पाय मारून वळू नका, आणि कळ आली तर तिथेच थांबा. सायकल मात्र डॉक्टर सांगेपर्यंत नको. काय निघालं ते इथे नक्की कळवा.