मदत हवी आहे: तिसरा नियम मुलांच्या गळी कसा उतरवू?

नववीला न्यूटनचा गतीविषयक तिसरा नियम (एका वस्तूने दुसरीवर बल लावलं की दुसरीही पहिलीवर तेवढंच, उलट दिशेने बल लावते) शिकवतेय. निम्मा वर्ग फुटबॉल आणि सायकलवेडा, म्हणून उदाहरणंही तिथूनच घेतली. चेंडूला लाथ मारली की पायालाही धक्का जाणवतो, हे पटलं. 'मग दोन्ही बलं एकमेकांना रद्द का करत नाहीत?' हा प्रश्न आलाच (माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर!). बलं दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, हे आकृती काढून निभावलं.

गाडी अडलीय ती पुढे. ट्रक सायकलला धडकला तर दोघांवरचं बल सारखंच, फक्त वस्तुमान कमी म्हणून सायकलचं त्वरण (वेग बदलण्याचा दर) जास्त, हे कोणी मानायलाच तयार नाही. दोन ताणकाटे (बल मोजायचे स्प्रिंगचे काटे) एकमेकांत अडकवून ओढायला दिले, आकडे सारखे आले. त्यावर उत्तर: 'बाई, दोन्ही काटे सारखेच आहेत म्हणून!' शंका चांगली आहे, पण माझी पंचाईत झाली. फुग्याचं रॉकेट करून झालंय, त्याने हा मुद्दा सुटत नाही.

तास 35 मिनिटांचा, मुलं 48, प्रयोगशाळा नाही, व्हिडिओ दाखवायची सोयही नाही. वस्तुमान वेगळं असूनही बल सारखंच, हे मुलांना त्यांच्याच खेळातल्या वस्तूंनी स्वतः करून पाहता येईल असा प्रयोग कोणी वर्गात घेतलाय का?