कोरड्या दिवसांतला नदीचा प्रवाह मॉडेलमध्ये सपाट येतो, प्रत्यक्षात दिवसाला दोन चढ दिसतात. चुकतंय कुठे?

प्रश्न (निम्नप्रवाह)

शहरातून जाणाऱ्या नदीचं मॉडेल करतो आहे. पाणलोटासाठी एचईसी-एचएमएस, पात्रासाठी एचईसी-रास (अनस्टेडी, म्हणजे वेळेनुसार बदलणारा प्रवाह), ही दोन्ही सॉफ्टवेअर. नदीत तीन मैलाशुद्धीकरण केंद्रांचं प्रक्रिया केलेलं पाणी येतं. त्यांच्या क्षमता 60, 35 आणि 20 एमएलडी (दशलक्ष लिटर प्रति दिन). तिसरं केंद्र एसबीआर पद्धतीचं आहे, म्हणजे टाकी भरून, प्रक्रिया करून टप्प्याटप्प्याने रिकामी करणारं.

पुराचे आलेख छान जुळतात, नॅश-सटक्लिफ (जुळणीचा निर्देशांक, 1 म्हणजे तंतोतंत) 0.82. पण पाऊस थांबून महिना झाला की सगळं बिघडतं. मापन केंद्रावर दिवसाला दोन चढ येतात, साधारण 1.1 ते 1.9 घनमीटर प्रति सेकंद. मॉडेल मात्र एकच सरळ रेषा देतं. शिवाय कॅलिब्रेशन (मोजमापाशी जुळवणी) बेसफ्लोचा, म्हणजे भूजलातून येणाऱ्या प्रवाहाचा, रिसेशन स्थिरांक (आजचा प्रवाह कालच्या किती पट) 0.997 पर्यंत ओढून नेतं. केंद्रांचं पाणी मी वेगळं घातलेलं नाही, ते बेसफ्लोतच येईल असं धरलं होतं. हे चालेल का?

उत्तर (पाणलोट_गणित)

नाही चालणार, आणि तो 0.997 हाच त्याचा पुरावा आहे. भूजलाचा हा स्थिरांक साधारण 0.95 च्या आसपास असतो. त्या दराने 60 दिवसांत प्रवाह मूळच्या 5 टक्क्यांहून खाली जातो. 0.997 धरला तर 90 दिवसांनंतरही 76 टक्के पाणी वाहतं राहतं. एवढं दमदार भूजल तुमच्या पाणलोटात नाही. नळाचं पाणी घरांतून केंद्रात आणि केंद्रातून नदीत येतंय, ते मॉडेलने भूजलाच्या नावावर जमा केलं.

आधी कागदावर ताळेबंद मांडा. 86.4 एमएलडी म्हणजे 1 घनमीटर प्रति सेकंद. तुमचे आकडे 0.69, 0.41 आणि 0.23, एकूण 1.33. कोरड्या दिवसांतला जवळजवळ सगळा प्रवाह इथेच सापडला! मोजलेल्या प्रवाहातून केंद्रांचा प्रवाह वजा करा, जे उरेल तेवढ्यावरच बेसफ्लो कॅलिब्रेट करा.

एचएमएसमध्ये तिन्ही केंद्रं «सोर्स» घटक म्हणून घ्या. रासमध्ये ज्या काटछेदाशी पाइप नदीला मिळतो तिथेच लॅटरल इनफ्लो हायड्रोग्राफ (बाजूने येणाऱ्या पाण्याचा वेळेनुसार आलेख) द्या. युनिफॉर्म लॅटरल इनफ्लो देऊ नका, तो पाणी पूर्ण लांबीवर पसरवतो आणि पाइपच्या खालची उडी नाहीशी होते.

नॅश-सटक्लिफवरही विसंबू नका. त्यात चुकांचे वर्ग घेतले जातात, त्यामुळे चार पूर जुळले की बाकीचं वर्ष झाकलं जातं. प्रवाहाचा लॉगरिदम घेऊन तोच निर्देशांक काढा आणि प्रवाह-कालावधी वक्राचं (कुठला प्रवाह किती टक्के वेळ ओलांडला जातो त्याचा आलेख) कमी प्रवाहाकडचं शेपूट स्वतंत्र तपासा.

उत्तर (केंद्र_चालक)

वरच्या हिशेबात एक मोठी दुरुस्ती. 60, 35, 20 ही क्षमता आहे, प्रवाह नव्हे. केंद्राची नोंदवही मागा, पण मीटर कुठे बसवलाय ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी रोजचा आकडा आवक वाहिनीवरच्या मीटरचा असतो. बाहेर पडताना त्यातलं काही पाणी बागांना किंवा उद्योगांना जातं, नदीपर्यंत पोचतच नाही. तुम्हाला जावक मीटर हवा, 15 मिनिटांच्या नोंदींसह. रोजची नोंद सकाळी 8 ला होत असेल तर तो आकडा आदल्या दिवसाचा, नाहीतर आलेख एक दिवस सरकतो.

तासाच्या नोंदी नसतील तर दिवसाच्या सरासरी प्रवाहाला तासागणिक गुणायचा 24 गुणकांचा नमुना वापरा, गुणकांची सरासरी 1. एसडब्ल्यूएमएम या शहरी वाहिन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय तयारच मिळते. रासमध्ये मालिका स्वतः बनवून द्यावी लागते. सकाळचा चढ घरातल्या वापराच्या वेळेला ठेवू नका. वाहिन्यांतला प्रवास आणि टाक्यांतला मुक्काम यांमुळे तो काही तास मागे सरकतो आणि बुटकाही होतो. सुट्टीच्या दिवसाचा नमुना वेगळा ठेवा.

एसबीआरला मात्र सरासरी लावूच नका. तिथे पाणी डिकँट करताना, म्हणजे गाळ बसल्यावर वरचं स्वच्छ पाणी काढताना, सुटतं. चार तासांच्या आवर्तनात एक तास डिकँट असेल आणि टाकी एकच असेल, तर 0.23 ऐवजी तासभर 0.92 सुटतं, मग तीन तास शून्य. टाक्या अनेक आणि वेळा आळीपाळीच्या असतील तर प्रवाह बराच सलग होतो. म्हणून केंद्राकडून आवर्तनाचं वेळापत्रक घ्या.

पावसात उलटा प्रश्न येतो. वाहिन्यांत पावसाचं आणि भूजलाचं पाणी शिरतं, केंद्र आपल्या कमाल मर्यादेला अडकतं आणि उरलेलं पाणी बायपासने थेट नदीत जातं. जावक मालिकेला वरची मर्यादा घाला, बायपास वेगळा इनफ्लो म्हणून द्या.

निम्नप्रवाह

जावक नोंदी मिळाल्या आणि दोन चढ आले, आभार! रिसेशन स्थिरांक 0.94 वर स्थिरावला. पण सर्वांत मोठं केंद्र मापन केंद्राच्या 12 किलोमीटर वर आहे. तिथला चढ मॉडेलमध्ये 3.5 तासांत पोचतो, प्रत्यक्षात 5 तास लागतात. मॅनिंगचा n (पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा) सगळीकडे 0.033 आहे. शिवाय पहाटेच्या कमी प्रवाहाला मॉडेलचं गणित कधीकधी कोसळतं.

उत्तर (काटछेद)

0.033 पुराला ठीक. पाणी वीत-दीड वीत खोल असतं तेव्हा तेच दगड आणि तेच गवत कितीतरी जास्त अडवतं. रुंद पात्रात प्रवाह तोच ठेवला तर वेग n च्या 0.6 घाताच्या व्यस्त प्रमाणात जातो. 5 भागिले 3.5 म्हणजे 1.43, त्यावरून n सुमारे 1.8 पट, म्हणजे 0.06. कमी प्रवाहाला हा आकडा अजिबात वावगा नाही. रासमध्ये «फ्लो रफनेस फॅक्टर्स»चा तक्ता आहे, प्रवाहानुसार गुणक द्या. सगळीकडे 0.06 भरलंत तर जुळलेले पूर बिघडतील.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. चढ पोचायचा वेळ म्हणजे पाणी पोचायचा वेळ नव्हे. लाट पाण्याच्या वेगाच्या सुमारे 5/3 पट वेगाने जाते. 12 किलोमीटरला 5 तास म्हणजे लाट 0.67 मीटर प्रति सेकंद, पाणी 0.4. त्या पाण्याला स्वतः पोचायला 8 तासांहून जास्त लागतात. पुढे याच मॉडेलवर पाण्याची गुणवत्ता चालवणार असाल तर 5 तासांचा आकडा वापरू नका.

कोसळण्याबद्दल: उथळ पाण्यात उंच-सखल तळावर एखादा काटछेद कोरडा पडतो आणि गणित फसतं. पायलट चॅनेल (तळात कोरलेला अरुंद काल्पनिक चर) घाला, उड्या असलेल्या ठिकाणी काटछेद दाट करा. टाइमस्टेप (गणिताची वेळेची पायरी) लाटेच्या वेगावरून ठरवा: काटछेद 50 मीटरवर असतील तर 60 सेकंद पुरेत. डिकँट सुरू होताना प्रवाह एका पायरीत चढवू नका, 10 मिनिटांत चढवा.

उत्तर (वाहकता_मापन)

मोजलेल्या प्रवाहावरही थोडा संशय ठेवा. तो बहुधा पातळीवरून रेटिंग कर्व्हने (पातळी आणि प्रवाह यांच्या नात्याचा वक्र) काढलेला असणार. प्रक्रिया केलेल्या पाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी आणि गवत माजतं, पातळी 10 सेंटिमीटर फुगते आणि प्रवाह न वाढताच कागदावर वाढतो. कोरड्या काळात महिन्यातून एकदा तरी पात्रात उतरून करंट मीटरने मोजा. एवढ्या उथळ पाण्यात वेग पृष्ठभागापासून 0.6 खोलीवर घ्यायचा. मोजताना पात्राच्या रुंदीच्या पट्ट्या इतक्या करा की कुठल्याही एकीत एकूण प्रवाहाच्या 10 टक्क्यांहून जास्त येणार नाही.

दुसरी तपासणी विद्युतवाहकतेची, सगळी वाचनं 25 अंशांना आणलेली. समजा पाइपच्या वर नदीत 350 मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर, जावक पाण्यात 1100, खाली 850. केंद्राच्या पाण्याचा वाटा (850 − 350) ÷ (1100 − 350), म्हणजे 67 टक्के. मॉडेल 50 टक्के म्हणत असेल तर इनफ्लो चुकलाय किंवा मधे आणखी एखादा नाला मिळतोय.

खालचं वाचन पूर्ण मिसळल्यावरच घ्या. काठावरून सोडलेल्या पाण्यासाठी अंतर = 0.4 × वेग × रुंदीचा वर्ग ÷ आडवा मिश्रण गुणांक, आणि तो गुणांक सुमारे 0.6 × खोली × घर्षण वेग (गुरुत्व त्वरण × खोली × उतार यांचं वर्गमूळ). रुंदी 12 मीटर, खोली 0.28, उतार 0.003, वेग 0.4 धरला तर अंतर 1.5 किलोमीटर भरतं. पुलावरून एकाच काठाला बादली सोडून घेतलेला नमुना इथे फसवतो. डावा काठ, मध्य, उजवा काठ अशी तीन वाचनं घ्या. ती एकमेकांशी जुळेपर्यंत खाली सरकत जा.