पेबल बीचला पहिल्यांदा गोल्फ खेळतोय, ७ आणि ८ नंबरच्या होलसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात बाबा पुण्याहून सॅन होजेला येतायत आणि त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त आम्ही दोघं पेबल बीचला खेळणार आहोत, कॅलिफोर्नियातला १९१९ पासूनचा गोल्फ कोर्स, बाबांचं कित्येक वर्षांचं स्वप्न आहे हे. ४ ते १० नंबरपर्यंत उजव्या हाताला सतत समुद्र, मग आत वळून १७-१८ ला परत किनाऱ्यावर, एवढं नकाशात बघून झालंय. ७ वा जेमतेम शंभरेक यार्डांचा, उतारावर, चिमुकलं ग्रीन (जिथे खड्डा असतो ती बारीक कापलेली हिरवळ), मागे नुसता पॅसिफिक. वारा समोरून आला तर किती क्लब वाढवायचे, म्हणजे किती जास्त लांब मारणारी स्टिक घ्यायची? खरी धाकधूक ८ व्याची आहे, टी शॉट (पहिला फटका) आंधळा, म्हणजे चेंडू कुठे पडणार ते दिसत नाही, चढावर, फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) एकदम कड्यापाशी संपतो आणि दुसरा शॉट खोल दरीवरून पलीकडे न्यायचा. बाबांचा ड्रायव्हरचा (सर्वात लांब मारायच्या स्टिकचा) फटका आता १७० यार्डच जातो, मग डावीकडून वळसा घालून खेळता येतं का? आणि दुपारी तिथल्या ग्रीनवरच्या पोआ जातीच्या गवतावर पट (खड्ड्याकडे हळूच ढकललेला चेंडू) उड्या मारतो म्हणतात, तर सकाळची वेळ घ्यावी का? कॅडी (बॅग उचलणारा, सल्ला देणारा मदतनीस) घेतलेला बरा ना? खेळलेल्यांनी प्लीज सविस्तर सांगा, बाबा रोज रात्री व्हिडिओ कॉलवर हेच विचारतात.