नाकासमोरचे वास (अनुभव सांगा)

वाईची_लेक

काल दाताच्या डॉक्टरांकडे आ वासून पडले होते. (आ 'वासून'. हो, कळलं.) रूट कॅनालची पहिली खेप. खोदकाम संपलं, डॉक्टरीणबाईंनी काचेच्या पट्टीवर पांढरी पूड आणि तेलाचे दोन थेंब घोटले, आणि त्या गोळ्याचा वास नाकात गेला मात्र, माझ्या डोळ्यांना धारच लागली. त्या घाबरल्या. "दुखतंय का? अजून इंजेक्शन देऊ?" तोंडात कापूस, नळी, काय काय. दुखत काहीच नाहीये, आजोबा आलेत, हे सांगणार कसं?

आजोबांच्या कोटाच्या खिशात अमृतांजनच्या रिकाम्या बाटलीत लवंगा असायच्या. दाढ कायमची दुखरी, पण काढून घ्यायला तयार नाहीत. अख्खं म्हातारपण लवंगेवर काढलं. मला सायकलच्या दांडीवर बसवून गणपती आळीतून घाटावर न्यायचे आणि माझ्या डोक्यावरून गोष्टी सांगत राहायचे. त्यामुळे माझ्या सगळ्या राक्षसांना आणि राजपुत्रांना लवंगेचा वास आहे.

गंमत म्हणजे लवंग मी रोज वापरते. मसाल्यात, पुलावात, खोकला झाला तर चहात. कधी काही झालं नाही. काल झालं. नंतर बाईंनी सांगितलं की ती पूड झिंक ऑक्साइडची आणि तेल म्हणजे युजेनॉल, लवंगेच्या तेलात बहुतेक तेच असतं. दाताची नस शांत करतं. म्हणजे आजोबा बरोबरच होते.

तर तुमचे वास सांगा. अत्तरं नकोत, घरातले-रस्त्यावरचे रोजचे. मागचं शास्त्र कोणाला माहीत असेल तर तेही लिहा.

दीड_दमडी

रूट कॅनालचे किती घेतले? माझंही एक बाकी आहे.

अंजूताई

"आजोबा आलेत" वाचून तिथेच थांबले गं. भाजी करपली माझी. घ्या, हाही वासच.

वाईची_लेक

@दीड_दमडी साडेपाच, टोपी वेगळी. @अंजूताई कसली भाजी?

अंजूताई

मेथी. आता मेथीचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझ्या बाळंतपणात सासूबाई सकाळ-संध्याकाळ मेथीचा लाडू हातात ठेवायच्या, नाही म्हणायची सोय नव्हती. तिसऱ्या आठवड्यात लेकीच्या लंगोटांना पाकासारखा गोड वास यायला लागला. मुलांच्या डॉक्टरांनी लंगोट चक्क हुंगला आणि गंभीर झाले. एक दुर्मीळ आजार असतो म्हणे, त्यात बाळाच्या लघवीला असाच वास येतो. तपासण्या, दोन रात्री झोप नाही. सगळं नॉर्मल. मग एका म्हाताऱ्या नर्सने विचारलं, "लाडू किती खातेस?"

लेक आता २१ ची आहे. मेथी समोर आली तरी उठून जाते.

नवी_सून

ताई लाडवांचं प्रमाण द्या ना. वहिनीला सातवा लागलाय.

टोरोंटोचा_बंडू

@अंजूताई तो सोटोलोन. मेथीच्या दाण्यात असतो, अंगातून जसाच्या तसा घामात आणि लघवीत उतरतो. तुम्ही म्हणताय त्या आजाराचं नावच मेपल सिरपवरून (मेपल झाडाच्या रसाचा पाक) पडलंय. इथे स्वस्तातल्या सिरपमध्ये मेपल नावालाही नसतं, वास आणायला मेथीचा अर्क घालतात. पहिल्या हिवाळ्यात हॉस्टेलवर पॅनकेक समोर आले आणि मी रूममेटला म्हणालो, हा तर आमच्याकडच्या बाळंतिणीचा वास. 'बाळंतीण' समजावण्यात नाश्ता संपला.

अंजूताई

हाहाहा. बंडू, पुढच्या वेळी लाडूच ने.

मावळी_मिरची

माझा वास दुपारी साडेबाराचा. आंबेमोहर शिजतोय, झाकण थोडं तिरकं, फेस बाहेर यायच्या बेतात. कुकरमध्ये तो वास अर्धाच येतो, भांड्यातच शिजवावा. आमच्या चुलत्यांची भातखाचरं आहेत, त्यांच्या मते तर भात फुलोऱ्यात असताना बांधावरून चालतानाही वास येतो. आता सगळे इंद्रायणी लावतात, तीही आंबेमोहराचीच लेक (वडगाव मावळच्या केंद्रातून १९८७ ला आली). बरी आहे. पण लेक ती लेक, आई ती आई.

रसायनवाला

@मावळी_मिरची त्या वासाचा मुख्य घटक २-असिटिल-१-पायरोलिन. बासमतीत तोच, पॉपकॉर्नमध्ये तोच, ताज्या पावाच्या कडेला तोच. भात जुना होत जातो तसा तो उडून जातो, म्हणून नव्या तांदळाला जास्त वास.

रच्याकने (बाय द वे), धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर. पाहिलेलं, ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर थांबतं. वासाला ती चौकी नाही. नाकातून वासाच्या कंदात, आणि तिथून थेट भावना आणि आठवणींच्या भागात. म्हणून आजोबा न विचारता येतात. आणि पुलावात का नाही आले, तर माझा अंदाज असा की तिथे लवंग वीस वासांच्या गर्दीत असते आणि रोज असते. रोजच्या वासावर नव्या आठवणींची पुटं चढतात. काल ती बरीचशी एकटी होती.

ताडोबा_फिरस्ता

भाताच्या वासावर माझा सगळ्यात भारी किस्सा. ताडोबाच्या बफरमध्ये पहाटेची जिप्सी, डिसेंबर, दात वाजतायत. गाईडने एकदम हात वर करून गाडी थांबवली आणि हळूच म्हणाला, "भात शिजून राहिला साहेब." मला वाटलं याला भूक लागली. कुठलं गाव नाही, धूर नाही. पण वास खरंच. स्वच्छ, गरम बासमतीचा. पुढे दहा पावलांवर सागाच्या बुंध्यावर ओली धार.

वाघ हद्द आखायला जी फवारणी करतो तिच्यात मावळी_मिरचीच्या भातातलाच पदार्थ असतो. कोलकात्याचे र. ल. ब्रह्मचारी यांनी त्यावर आयुष्यभर काम केलं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात त्यांच्या वासातही तोच सापडतो. म्हणून उन्हाळ्यात आमचा गाईड म्हणतो, आता नाकाचा भरवसा नाही, मोह की वाघ ते डोळ्यांनीच बघा.

दीड_दमडी

म्हणजे आमच्याकडे रोज साडेबाराला वाघ येऊन जातो. बायकोला सांगितलं, तिने लाटणं दाखवलं.

मावळी_मिरची

माझ्या आंबेमोहराला काय म्हणालात?? जेवण गेलं माझं.

ताडोबा_फिरस्ता

अहो, कौतुक आहे ते :)

शुद्धलेखन_काका

एक निरीक्षण. 'वास येतोय' म्हटलं की आपण खिडकी उघडतो. चांगल्याला सुवास, देवाच्या जवळच्याला गंध, आणि तक्रारीला वास. या धाग्यात मात्र सगळ्यांनी वास हाच शब्द प्रेमाने वापरलाय. बरं वाटलं.

पार्ल्याची_जुई

विलेपार्ले स्टेशन. बास, एवढंच. ज्यांना कळलं त्यांना कळलं.

तीनचा_डबा

@पार्ल्याची_जुई कळलं!! बिस्किटं!! लोकलमध्ये डोळे मिटून उभं असलं तरी पार्ले आलं हे नाकाला कळायचं. मी गोरेगावहून चर्चगेटला जायचो, सकाळी उपाशी निघालेलं असलं की जास्तच.

पार्ल्याची_जुई

आम्ही पूर्वेला, वाऱ्याची दिशा बदलली की शाळेच्या वर्गात यायचा. गणिताच्या तासाला तो वास म्हणजे छळ होता. २०१६ ला कारखाना बंद झाला. त्यानंतर आईकडे गेले की स्टेशनबाहेर येऊन उगीच एकदा दीर्घ श्वास घेते. वडापाव येतो फक्त.

तीनचा_डबा

वडापाव पण चालेल. कोणत्या शाळेत होतात?

पार्ल्याची_जुई

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

देवगडची_सुमी

मी सुक्या बोंबलाची. हसा.

ठाण्याला आलो त्या वर्षी पहिल्यांदा तव्यावर बोंबील भाजले, दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: "कोणाकडे काही मेलंय का?" आमच्या ह्यांनी उत्तर टाकलं: "हो, बोंबील. गेल्या वर्षीच." चार महिने त्या बाई बोलल्या नाहीत. आता वाटी घेऊन येतात.

शास्त्र मला रसायनाच्या बाईंनी अकरावीत सांगितलेलं, तेवढंच डोक्यात राहिलं. समुद्रातल्या माशाचा तो वास ट्रायमिथाइल अमाइनचा. मासा जिवंत असताना वास नसतो, मेल्यावर जंतू तो तयार करतात. आंबट लावलं की त्याचं मीठ होतं, आणि मीठ काही उडून नाकात जात नाही. म्हणून आगळ, म्हणून लिंबू, म्हणून चिंच. माझी आजी मासे साफ करून झाले की हाताला कोकमाचं साल चोळायची. आजी शाळेत गेली नव्हती.

पण खरं सांगू, मला तो वास घालवायचा नसतोच. मे महिन्यात बंदरावर मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, खाली वाळू तापलेली, त्या वासात मी पोहायला शिकले.

नवी_सून

सुमीताई मस्त. अंजूताई, लाडू??

घरकोंबडा

वाचतोय सगळं. मला लिहायला जरा अवघड जातंय, कारण २०२१ च्या एप्रिलमध्ये माझा वास गेला आणि आठ महिने आला नाही.

सुरुवातीला विनोद केले, कचऱ्याची पिशवी मीच उचलायचो. मग एकदा दूध उतू जाऊन बर्नर विझला, गॅस तसाच चालू. मी तिथेच ओट्याशी उभा, मोबाइलमध्ये. शेजारच्या काकू धावत आल्या म्हणून वाचलो. गॅसला मुळात वास नसतोच, तो इथाइल मरकॅप्टन मुद्दाम घातलेला असतो. १९३७ साली टेक्ससमधल्या एका शाळेत बिनवासाच्या गॅसची गळती कोणाला कळलीच नाही, स्फोटात सुमारे ३०० जण गेले, तेव्हापासून वास घालण्याची सक्ती सुरू झाली. हे सगळं मी नंतर वाचलं, रात्री झोप येईना तेव्हा.

डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम दिला. गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी वीस सेकंद हुंगायचं आणि तो वास आठवायचा. जर्मनीत ड्रेस्डेनला ही पद्धत बसवली म्हणे. मी देवासमोर बसायचो, आईला वाटलं मुलगा सुधारला. तीन महिने काही नाही. मग कॉफीला जळक्या टायरचा वास यायला लागला, डॉक्टर म्हणाले चांगली खूण आहे, तारा जुळतायत, सध्या चुकीच्या जुळतायत. सगळ्यात आधी सरळ आली ती लवंग. म्हणून धागा उघडला आणि पहिल्याच पोस्टमध्ये लवंग.

वाईची_लेक

अरे बापरे. आता सगळं येतं ना नीट?

घरकोंबडा

कांदा अजून थोडा वेगळा येतो. बाकी येतं. कचरा पुन्हा बायको उचलते.

अंजूताई

जपा हो. आणि काकूंना मिठाई दिली की नाही?

दीड_दमडी

लोखंडाचा वास आवडतो असं कोणी आहे का? लहानपणी बागेतल्या झोपाळ्याच्या साखळ्या धरून धरून हाताला यायचा तो. एसटी कंडक्टरच्या सुट्ट्या पैशांनाही.

रसायनवाला

@दीड_दमडी तो लोखंडाचा नाहीच, तुमचा आहे. घामट हात लोखंडाला लागला की कातडीवरच्या तेलाचे तुकडे होतात, त्यातला ऑक्टीनोन नावाचा एक नाकाला धातूसारखा वाटतो. पुसलेल्या, कोणी हात न लावलेल्या लोखंडाला वास नसतो.

दीड_दमडी

पन्नास वर्षं मी स्वतःलाच हुंगत होतो?

शुद्धलेखन_काका

ठ्ठो!

चातक_सोलापूर

एवढे प्रतिसाद झाले आणि पहिला पाऊस कोणीच नाही? अहो आमच्याकडे मे अखेरीला ४३ डिग्रीत माणूस त्या एका वासावर जगतो. १९६४ साली बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी त्याला पेट्रिकोर नाव दिलं. त्याआधीपासून कन्नौजला भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवून विकतातच, मिट्टी अत्तर. (अत्तर नको म्हणालात, पण माती चालेल ना.)

मातीचा तो वास मुख्यतः जिओस्मिनचा, मातीतले जंतू बनवतात. आपलं नाक त्यासाठी फारच तीक्ष्ण, एक लाख कोटी भागांत पाच भाग असले तरी पकडतं. आणि आता खरी गोम. उन्हाळ्यात धरणाचा तळ गाठला की नळाला जो मातकट वास येतो आणि आपण नगरपालिकेला शिव्या देतो, तोही बऱ्याचदा जिओस्मिनच. आकाशातून आला तर कविता, नळातून आला तर तक्रार अर्ज.

मावळी_मिरची

बीटाला पण तोच येतो ना? म्हणून मुलं बीट खात नाहीत. माझी तरी.

चातक_सोलापूर

बरोबर, तोच. बीट म्हणजे शिजवलेला पाऊस समजून वाढा.

मावळी_मिरची

आधी भातात वाघ, आता बीटात पाऊस. तुम्ही लोक मला उपाशी मारणार.

वाईची_लेक

आज दुसरी खेप झाली. कायमचं भरायला तो लवंगेचा मसाला नाही चालत म्हणे, युजेनॉलमुळे वरचं पक्कं सिमेंट नीट घट्ट होत नाही. सगळं खरवडून काढलं. मी विचारलं, थोडा ठेवता येईल का? बाई हसल्या, आणि काचेची पट्टी पुसायच्या आधी नाकाशी धरली माझ्या.

घरी आल्यावर अमृतांजनची बाटली शोधतेय. हल्ली आकार वेगळा आलाय.

नवी_सून

ताई, लाडू. वहिनीला आठवा लागेल आता.

अंजूताई

लिहिते गं बाई लिहिते. पाव किलो मेथी, आधी तुपात आठवडाभर भिजत घाल. बाकी कुकर उतरवून.