'फ्युझुलिना'ला मराठीत काय म्हणावं : चाती, धोटा की कुकडी?

खानापूर : एका टिपणात 'फ्युझुलिना ही सागरी एकपेशीय जीवांची नामशेष प्रजाती, आकार तर्कूसारखा' असं वाचलं. तर्कू म्हणजे काय? आणि प्रजाती म्हणजे जीनस की स्पीशीज?

शहापूर, बेळगाव : तर्कू म्हणजे सूत कातायची चाती, कन्नडात कदिरु. लॅटिन 'फ्यूसस'चा अर्थही तोच; पुढे लघुत्वाचा प्रत्यय, म्हणजे 'चिमुकली चाती'. नाव 1829 सालचं, फिशर फॉन वाल्डहाइम यांनी दिलेलं. प्रजातीचा मात्र घोळच आहे. परिभाषेत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती, पण वर्तमानपत्रं स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. 'वंश' लिहा, भांडण मिटतं.

निपाणी : चाती म्हणजे नुसती काडी. फ्युझुलिनाचं कवच मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं. 'धोट्यासारखं', म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यासारखं, म्हटलं तर विणकराच्या घरात लगेच कळेल.

शहापूर, बेळगाव : धोटा नको. तो सुताची कांडी बसवायला पोकळ असतो. चातीवर सूत भरून जी फुगते ती कुकडी, ती घ्या. आतूनही जुळते बघा : कवच लांबट आसाभोवती वेढ्यावर वेढा घेत वाढतं, मधोमध पहिली गोल कोठी, आणि वेढ्यांतले पडदे लुगड्याच्या निऱ्यांसारखे मुडपलेले.

चिकोडी : त्या निऱ्या भिंगातून बाहेरून दिसत नाहीत, पातळ काप करावा लागतो. जीवाश्माचा दाणा आसाच्या दिशेने घासत न्यायचा. पहिली कोठी उघडली की थांबायचं. तो सपाट भाग कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने काचपट्टीवर चिकटवून दुसरी बाजू सुमारे 0.03 मिलिमीटर जाडीपर्यंत उतरवायची. बाल्सम जास्त तापला तर ठिसूळ होऊन काप उडतो, कमी तापला तर मऊ राहून दाणा सरकतो. शेवटी घासायची बारीक कार्बोरंडम पूड आणि हलका हात, कारण कवचाचं खनिज कॅल्साइट मऊ, क्षणात सगळं घासून जातं. काप तिरका गेला तर कोठी हुकते, वेढे मोजता येत नाहीत आणि वंश ठरवणं अवघड होतं.

निपाणी : बरं, कुकडी मान्य. पण कोंबडी समजतील हो!

शहापूर, बेळगाव : म्हणून 'सुताची कुकडी' लिहा. चिनी भूवैज्ञानिक ली सिग्वांग यांनी या गटासाठी कीटक आणि चाती जोडून नवं अक्षरच घडवलं. आपल्याला तेवढी गरज नाही. नाव फ्युझुलिनाच, स्त्रीलिंगी, उपमा कुकडीची.

खानापूर : गोकाकच्या खडकात मिळेल का?

चिकोडी : नाही. फ्युझुलिना सुमारे 31 कोटी वर्षांपूर्वीची. गोकाकचा वालुकाश्म त्याच्या कितीतरी आधीचा, आणि बेळगावचा काळा दगड लाव्हाचा.